उलटे पोपट

सरळ रेषेचं वेड मला बांधकाम खात्यातल्या नोकरीनं लावलं. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी माझं जेवणातलं लक्ष उडतं. एटापल्लीकडचा फॉरेस्टचा जुना बंगला दुरुस्तीला माझ्याकडे आला, तेव्हा म्हणूनच मी खूश झालो.

बंगला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, सागाची तोड बघायला येणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी बांधलेला. व्हरांड्याच्या छपराला सागवानी झालर, तिच्या प्रत्येक फळीत समोरासमोर बसलेले दोन पोपट. इतके पावसाळे झेलूनही चोची शाबूत. एका फळीतले दोघे मात्र एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘कारागिराची चूक’ असा शेरा मी मोठ्या ऐटीत वहीत मारला आणि राजुऱ्याहून आणलेल्या सुताराकडून नवी फळी बसवून घेतली. जुनी चौकीदाराला दिली. म्हटलं, फोड आणि सकाळी बंबात घाल.

दुसऱ्या दिवशी कढत पाण्यानं आंघोळ करून मी व्हरांड्यात बसलो. बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या म्हाताऱ्या बाई चहा ठेवता ठेवता वर बघून थबकल्या.

"साहेब, माह्या आज्याचे पोपट कुठी गेले?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. अख्खी झालर त्यांच्या आज्यानं कोरलेली. "गोरा साहेब त्याले नाव टाकू देत नवता. मंग हरेक कामात तो एक नग उलटा करून ठेवे. तेच त्याचं नाव." त्याचं बाकी सगळं काम कुठे कुठे मोडीत निघालं, खूण असलेली ही एकच फळी उरली होती. लहानपणी बापानं खांद्यावर घेऊन त्यांना ती दाखवली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही तो बंगला आठवला की स्वतःची शिसारी येते, कारण खरं सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"बाई, ती गडचिरोलीच्या ऑफिसात जमा केली."

पायरीवर उभा असलेला चौकीदार खाली बघत राहिला.

"सरकारात जमा हाय काय? मंग बेस झालं. इथी वाळवीनं खाल्ली असती." बाईंचा चेहरा एकदम खुलला. "नातीले घेऊन जा लागते दाखवाले. कोणत्या खोलीत ठेवली, तेवढं कागदावर लिहून द्या न, साहेब."

मी खिशातला पेन काढला आणि लिहून दिलं, खोली क्रमांक चार.