दिघ्यांच्या गाडीचा मॅनिफोल्ड

जुन्या गाड्यांची चार माणसं एकत्र आली की गाड्या सुरू व्हायला वेळ लागतो, किस्से मात्र एका दमात सुरू होतात. निजामपुऱ्यात हसमुखभाईंच्या गॅरेजवर आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. गेल्या वर्षातले निम्मे किस्से एकट्या दिघ्यांच्या अँबेसेडरचे आहेत.

दिघे माझे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी घेतलेली. नाना नव्वदीला टेकले आहेत आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नाहीत. गाडी बंद पडली तसं नानांचं बाहेर पडणंच थांबलं.

हसमुखभाईंनी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा मॅनिफोल्ड तडकला होता, तोही चौथ्यांदा.

"परत वेल्डिंग करा," दिघे म्हणाले.

"साहेब, हवे आमां मॅनिफोल्ड ओछुं ने वेल्डिंग वधारे छे."

म्हणजे आता त्यात मॅनिफोल्ड कमी आणि वेल्डिंगच जास्त; नवा घेणं आलं.

*

पण कुठला घ्यायचा? नानांनी मधे कधीतरी इंजिन बदललं होतं. कुठलं बसवलं, ते त्यांनाही आठवेना. नंबर गंजून गेलेला. दिघ्यांनी एका स्पेअर पार्टवाल्याला फोन लावला.

"मॉडेल कोणतं, साहेब?"

दिघे म्हणाले, "वडिलांचं."

*

आमच्यातले निंबाळकर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधले जुने फिटर. ते म्हणाले, "नंबर सोडा. इंजिनवर जाड कागद दाबून छापा घ्या, भोकं कापा. ज्याची भोकं जुळतील तो आपला."

दिघ्यांनी घरातला सगळ्यात जाड कागद आणला. छापा झकास उतरला.

आठवड्याने दिघ्यांच्या पत्नी सुनंदावहिनी भाचीच्या लग्नाला निघाल्या आणि पत्रिका सापडेना. शेवटी दिघ्यांनी ती आणून दिली. वहिनींनी उलटसुलट करून पाहिली.

"कार्यालयाचा पत्ता कुठंय?"

"दुसऱ्या सिलिंडरपाशी होता."

*

तेवढ्यात दिघ्यांना इंटरनेटवर एक चकचकीत ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड दिसला. दोन कार्बोरेटर बसतील असा, 'पिकअप वाढेल' म्हणून लिहिलेलं. निंबाळकर नको म्हणत असताना त्यांनी तो मागवला. भोकं जुळली, पण बॉनेट चार बोटं वर राहिलं. विकणारा परत घेईना. दिघ्यांनी तो दिवाणखान्यात शोकेसवर ठेवून दिला.

एकदा चित्रकला शिकवणारे एक प्राध्यापक त्यांच्याकडे चहाला आले. बराच वेळ त्या मॅनिफोल्डभोवती फिरले. "कास्टिंग सुंदर आहे. कुणाचं काम?"

"राजकोटचं," दिघे म्हणाले.

*

अखेर निंबाळकरांनीच एका जुन्या दुकानातून साधा, ओतीव बिडाचा मॅनिफोल्ड शोधून आणला. रविवारी तो बसवला. इंजिन इतकं बिनआवाज चालू लागलं की चालू आहे का ते हसमुखभाईंनी दोनदा हात लावून पाहिलं.

दिघ्यांनी तशीच गाडी घरी नेली. मीही सोबत होतो. नाना धुतलेलं धोतर नेसून फाटकाशी तयार. मागच्या सीटवर बसले आणि गाडी सुरू होताच त्यांनी कान दिला. नेहमीची फुसफुस नाही, थरथर नाही.

"बाळ, ही आपली नाही," नाना म्हणाले. "ज्याची असेल त्याला देऊन ये. आपली घेऊन ये. मी बसतो इथंच."

दिघ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं, खाली उतरले, गाडीला एक पूर्ण फेरी मारली, आत बसले, दार जोरात ओढलं आणि चावी फिरवली.

"आणली, नाना."

नानांनी काठी सरळ धरली. "एवढा वेळ लागतो? चल आता."