संकष्टीची ओहोटी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्याकडे सगळे म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. पंगतीत बसले तरी माझा डोळा दाराकडे. पूजेला बसवलं तर आरतीआधीच मी अंगणात. आज गुडघे धरून बसावं लागतं, तर निदान मनानं तरी बाहेर पडावं म्हणून हे लिहायला घेतलं.

एकोणीसशे तिशीच्या सालांतली गोष्ट. पुण्याहून ट्रेनिंग संपवून मी नागावला घरी आले आणि रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळाली, तीही तात्पुरती. जागा मिळाली खरी, पण जायचं कसं? चालत गेलं तर अर्धी सकाळ वाटेतच सरायची. आमचा बैल रहाटाला जुंपलेला, तो सोडला तर वाडी वाळली. अलिबागेहून एक मोटार यायची, पण ती यायची ड्रायव्हरच्या मर्जीनं. माझा भाऊ मुंबईला नोकरीला गेला तेव्हा त्याची सायकल मागे राहिली होती. पोफळींच्या रांगांमधून पडत, खरचटत मी ती दोन सुट्ट्यांत शिकले होते. पुरुषी सायकल, मधे दांडा. पण नऊवारीचा काचा मारलेला असला की दांड्याची काय भीती? पुण्याच्या माझ्या गोल पातळवाल्या मैत्रिणींना ते जमलं नसतं.

आई मी लहान असतानाच गेली. घरात बाबा आणि मी. बाबा वाईट नव्हते, घाबरट होते, आणि तेही फक्त लोकांना. वाडीत फुरसं निघालं तर काठीनं उचलून बांधापलीकडे टाकत, पण समोरच्या वाडीतले काका "काय हो, ऐकलं ते खरं का?" असं म्हणत आले की त्यांचा चेहरा उतरे. हे काका म्हणजे गावाचं वर्तमानपत्र, फक्त रोज दोनदा निघणारं. तेव्हा बाबांनी अट घातली.

"सायकलनं जा. पण रस्त्यावर दिसायचं नाही. ज्या दिवशी कोणी येऊन मला सांगेल की तुमची मुलगी सायकलवर पाहिली, त्या दिवसापासून सायकल माळ्यावर आणि तू घरात."

मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी बाबाच मला घेऊन निघाले आणि रेवदंड्यापर्यंत रस्त्याला न लागता कसं पोहोचायचं ते दाखवलं. तो दिवस मी विसरलेले नाही. एक वाट वाड्यांच्या मागून, दोन्ही बाजूंना काट्याकुट्यांची कुडणं, मधे जेमतेम सायकलीपुरती पाखाडी. तिथं रहाटाच्या कुरकुरीखेरीज आवाज नाही. दुसरी खाजणाच्या बांधावरून, अरुंद, एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला चिखल. पडायचंच असेल तर भातात पड, असं बाबांनी मला गंभीरपणे सांगितलं. आणि तिसरी, सगळ्यांत सुंदर, पुळणीवरून. ओहोटीला समुद्र मागे सरला की ओली वाळू अशी टणक होते की चाक रुतत नाही. ना गाडी, ना माणूस, ना काका. वारा पाठीवर घेऊन मी तिथं जे पाय मारायची, ते शाळा जवळ येऊ नये असं वाटेपर्यंत.

पुळणीच्या वाटेत एकच अडचण होती. चौलच्या अलीकडे एका लहानशा खाडीचं तोंड लागे. ओहोटीला तिथं घोट्याएवढं पाणी. सायकल हातात धरून पलीकडे जायचं. भरतीला मात्र तिथं पुरुषभर पाणी चढे, आणि ओढही भलती.

म्हणून रोज सकाळी बाबा पंचांग पाहत. आमच्याकडे भरतीची वेळ काढतात ती तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते हाती येतं, आणि त्यावरून ओहोटी. वाडीच्या बांधाला खाडीचं पाणी लागे, त्याची उघाडी, म्हणजे पाणी अडवायची झडप, बाबांना वेळेवर लावावी लागे, त्यामुळे हा हिशेब त्यांच्या बोटांवर होता. मी चहा पीत असताना ते ओटीवरून सांगत, "आज पुळण," नाहीतर "आज बांध." मला त्याचाही राग येई. वीस वर्षांची बाई मी, मुलींना भूगोल शिकवणारी, आणि कुठल्या वाटेनं जायचं ते बाबा सांगणार! पण सायकल गमावायची नव्हती. जागा तर त्याहून नव्हती. घरात बसून मी वेडी झाले असते, हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही.

मग तपासणीचा दिवस आला. मोठे साहेब शाळा पाहायला येणार होते. आमच्या मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या वेळेवर या. तुमचा वर्ग ते पाहतील आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवतील. उद्या चुकलात तर माझ्या हातात काही नाही."

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. सकाळी बाबा देवापुढून उठले, तर कपाळाला गंध, हातात जास्वंद. संकष्टी होती, बाबांचा कडक उपास. मला म्हणाले, "आज चतुर्थी. पुळणीनं जा. सावकाश जा, पाणी अजून खाली आहे."

मी निघाले. वाळू टणक होती, पण पट्टा अरुंद वाटला. लाटा नेहमीपेक्षा वर होत्या. मला वाटलं, माझ्याच जिवाला घोर लागलाय म्हणून तसं दिसतंय. खाडीशी पोहोचले आणि सायकल धरून पाण्यात पाय घातला, तर पहिल्याच पावलाला गुडघा बुडाला. दुसऱ्याला मांडी. पाणी आत धावत होतं आणि सायकलीचं चाक हातातून ओढत होतं. मी कशीबशी मागे आले.

तिथं उभ्या उभ्या मला उमगलं. संकष्टी धरतात ती चंद्रोदयाच्या चतुर्थीवर. रात्री चंद्र उगवेल तेव्हा चतुर्थी असेल, पण सकाळी अजून तृतीयाच होती. बाबांनी उपासाची तिथी धरली. समुद्राला उपास नव्हता. एका तिथीची चूक म्हणजे पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात खाडी भरली होती.

मागे फिरून वाड्यांची वाट धरावी तर उशीर नक्की. एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन किनाऱ्यानं येत होती, ती थांबली.

"कुठं चाल्लीस गो बाय, चाकाची गारी घेऊन? पानी भरलाय, दिसत न्हाय?"

"शाळेत जायचंय. आज गेलंच पाहिजे."

"मंग रस्त्यानं जा की. वरती पूल हाय."

"रस्त्यानं नाही जाता येत."

तिनं मला खालून वर पाहिलं आणि हसली. "का? रस्ता काय कुनाच्या बापाचा हाय?"

माझ्याच बापाचा, असं तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी सायकल खांद्याला लावली, कोरड्या वाळूतून, केवड्याच्या बनाला वळसा घालून वर चढले आणि रस्त्याला लागले. सायकल जाईल, पण जागा राहील, एवढाच विचार केला. जागा राहिली तर चालत जाईन, रांगत जाईन.

तो रस्ता! दगडी खडीचा, धुळीचा, पण सरळ. पूल ओलांडला. गाडीवाले बैल आवरून पाहत राहिले. पिंपळाखाली न्हावी एकाची दाढी करत होता, त्याचा वस्तरा थांबला. एका दुकानाच्या पायरीवर आमच्या गावचे दोघे बसलेले दिसले आणि मी समजले की झालं, आता हे संध्याकाळपर्यंत काकांकडे पोहोचणार. लुगडं मांडीपर्यंत ओलं, त्यावर वाळू. मी कोणाकडे पाहिलं नाही. मागे वळून पाहिलं एकदाच, तर न्हावी पुन्हा दाढी करायला लागला होता. रेवदंड्याच्या कोटाच्या वेशीतून आत शिरले तेव्हा घंटा व्हायची होती.

साहेब आले, वर्ग पाहिला, मुलींना नद्या विचारल्या. मुलींनी सांगितल्या. जाताना ते मोठ्या बाईंशी काही बोलले आणि बाई माझ्याकडे पाहून हसल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घरी काय वाढून ठेवलंय ते ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर मी अर्धा तास उगाच फळा पुसत बसले. मग लपून काय उपयोग म्हणून त्याच रस्त्यानं परत निघाले. वाटेत मनात भांडणाची तयारी केली. मी असं म्हणेन, ते असं म्हणतील, मग मी असं म्हणेन.

बाबा अंगणाच्या बेड्याशी, फाटकातच उभे होते. धोतर कमरेपर्यंत भिजून वाळलेलं, मिठाचे पांढरे डाग पडलेले. सकाळचं गंध पुसून गेलेलं. मी सायकलवरून उतरले.

"उघाडी लावायला गेलो," ते म्हणाले, "तर पाणी माझ्याआधी येऊन बसलेलं. तेव्हा माझी चूक कळली. धावत खाडीशी गेलो. तुझ्या चाकाची रेघ पाण्यापर्यंत गेलेली दिसली गो. परत आलेली दिसली नाही."

कोरड्या वाळूत माझी खूण राहिली नव्हती, आणि काठावरची भरतीनं पुसली होती.

"मी पाण्यात उतरलो. पलीकडे जाता येईना. कोणाला हाक मारू ते कळेना. किती वेळ होतो कोण जाणे. घरी आलो तर हे काका अंगणात. म्हणाले, अहो, तुमची मुलगी भर रस्त्यात सायकलवर पाहिली लोकांनी, लाज वाटत नाही का?"

बाबांचा आवाज तिथं फुटला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. तीनदा सांगायला लावलं मी त्यांना."

त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली. मला वाटलं माळ्यावर नेतात. त्यांनी ती ओटीला, रस्त्याच्या बाजूला, नीट टेकवून ठेवली.

"उद्यापासून रस्त्यानं जा," ते म्हणाले. "सगळ्यांना दिसत जा."