खिंडीपर्यंतचा उजेड

भरदुपारी दुकानाचं शटर खाली ओढायला सांगणारं गिऱ्हाईक जुन्नरच्या बाजारपेठेत तोवर कुणी पाहिलं नव्हतं. अमृत पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आला तो असा. दुकान जानकूभाऊंचं. मोटारीचे स्टार्टर, चार्जर, हातातल्या बॅटऱ्या, असला माल.

"शटर?" जानकूभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "दरोडा घालायचाय का काय?"

"अंधार पायजे भाऊ. इथं उन्हात कोणची बॅटरी कशी पडती, काय कळणार?"

चार्जर घ्यायला आलेल्या सरूबाई गडबडल्या. "आरं बाबा, मला साडेबाराची यष्टी धरायचीय. मला तरी भाईर सोड."

"पाच मिन्टं, मावशी," अमृत म्हणाला. सहा फूट उंचीचा, चौतीस वर्षांचा माणूस एवढ्या अजिजीनं बोलला की सरूबाई पिशवी मांडीवर घेऊन खोक्यावर बसल्या.

शटर खाली आलं. जानकूभाऊंनी त्यांची सगळ्यात खपणारी बॅटरी लावली. समोरच्या भिंतीवर ताटलीएवढा पांढराफेक गोळा पडला.

"ही बघ. वढ्याच्या पल्याड बिबट्या बसला आसंल तर त्याच्या मिशा मोजून घे."

"हीच नेली व्हती मागल्या महिन्यात." अमृतनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत खपली धरली होती.

चूक त्याची एकट्याची नव्हती. डिंगोऱ्यापासून बेल्ह्यापर्यंत चांगली बॅटरी म्हणजे लांब मारणारी बॅटरी. रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला जायचं, आणि बांधाच्या टोकाला कोण उभं आहे ते आधी दिसायला हवं. त्याच हिशेबानं अमृतनं ती घेतली आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीनं सायकलच्या हँडलला बांधली. डोंगराची वाट चढताना काही कळलं नाही. उतरताना मात्र दोनशे फुटांवरची करवंदीची जाळी दिवसासारखी लख्ख दिसत होती, आणि पुढच्या चाकाखालची घळ काळीच राहिली होती.

"मला पसरट उजेड पायजे," तो म्हणाला. "चाकापासनं वीस पावलं दिसलं तरी बास. आन् एक बारकी, डोक्यावर लावायला. हँडल सरळ बघतं, वाट वळती. मान वळवली की वळणाच्या आत दिसलं पायजे."

जानकूभाऊंनी मागच्या फळीवरून धूळ बसलेलं खोकं काढलं. "ही खपत न्हाई बघ. लांब मारत न्हाई म्हणून लोकं परत आणून देत्यात."

भिंतीवर उजेड पडला तो सारवल्यासारखा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सरूबाईंची चप्पल आणि खोक्यांवरची अक्षरंसुद्धा सारखीच दाखवणारा. मधल्या बटणावर किती चालते ते अमृतनं दोनदा विचारलं. दीड तास. "बास झाली," तो म्हणाला.

सरूबाईंची यष्टी चुकली. अमृतनं त्यांना मोटारसायकलवरून बोरीच्या फाट्यापर्यंत सोडलं.

दीड तास बास होती, कारण त्याच्याकडे तेवढाच वेळ होता.

पाच वर्षांपूर्वी अमृत चाकणला कारखान्यात होता. तिथल्या मित्रांनी त्याला गिअरच्या सायकलवर बसवलं, आणि रविवारी डोंगरातल्या पायवाटा धुंडाळायचं वेड त्याला लागलं ते लागलंच. मग गावाहून, डिंगोऱ्याहून, फोन आला. वडिलांना, गेणभाऊंना, झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले दोनच शब्द, 'हां' आणि 'न्हाय'. ते दोन्हीही कधीकधी उलटे पडायचे. अमृत आठ दिवसांची रजा टाकून आला आणि परत गेला नाही.

पहाटे धारा. मग नानांची, म्हणजे वडिलांची, कूस बदलायची, त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं, अंघोळ घालायची. गेणभाऊंचं अंग मल्लाचं. समृद्धीला, म्हणजे अमृतच्या बायकोला, एकटीला ते हलायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही की पाठ फुटे. त्यामुळे अमृत कुठंही गेला, तरी दोन तासांच्या आत परत. शेत दोन तासांत, बाजार दोन तासांत. चुलत बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हा ताटावर न बसताच निघाला. मांडवात कुणीतरी म्हणालं, "नवरीच्या आधी हाच निघाला राव!" तोही हसला.

सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. चार वर्षं. धारा काढताना मान वर केली की चाक दिसायचं. मित्रांचे फोटो फोनवर यायचे. पुढंपुढं त्यानं ते उघडणं सोडलं. चिडचिड तो कुणावर करत नसे. फक्त एकदा, नानांची कूस बदलून झाल्यावर, त्यांची उशी त्यानं जरा जोरात आपटली, आणि मग बराच वेळ ती सरळ करत बसला.

सायकल खाली काढली ती समृद्धीनं. "नाना आठला झोपत्यात," ती म्हणाली. "धापर्यंत तुमचं काय काम? जावा फिरून. मी हाय."

"रातच्याला?"

"मग दिवसा मोकळं हाय का तुमी?"

अशी ती रात्रीची सायकल सुरू झाली. गावामागच्या डोंगराची एक सोंड खाली उतरते, तिच्यावरून गुराखी वापरायचे ती वाट खिंडीपर्यंत जाते. ऊस खालीच राहतो, त्यामुळे बिबट्याचं भय कमी. तरी हँडलला त्यानं बैलाचं घुंगरू बांधलं होतं. नवा पसरट उजेड मिळाल्यापासून वाट त्याच्या ओळखीची झाली. कोणता दगड डोलतो, कुठं मुरूम घसरतो, सगळं. खिंडीत पोचल्यावर तो दोन्ही दिवे बंद करी आणि दहा मिनिटं बसे. त्या दहा मिनिटांत त्याला कुणी हाक मारू शकत नव्हतं. मग परत.

खिंडीच्या पलीकडे वाट तशीच खाली उतरत जाते. तिकडे तो बघत नसे.

मार्गशीर्षातल्या एका रात्री बघितलं. डोक्यावरच्या दिव्यानं वाटेचं पहिलं वळण उजळलं, मग दुसरं. पायडलवर पाय कधी गेला त्याचं त्यालाच कळलं नाही. उजेड चाकापुढं गालिच्यासारखा सरकत होता आणि वाट त्याला आपणहून सापडत होती. तळाच्या ओढ्यापर्यंत तो थांबला नाही. पाण्यात हात घातला तेव्हा घड्याळ पाहिलं. साडेनऊ. बॅटरी पुरावी म्हणून उजेड बारीक करून वर चढायला तास लागणार होता.

घरी पोचला तेव्हा अकराला दहा कमी होती. अंगणातला बल्ब लागलेला. गेणभाऊ पडवीच्या पायरीशी जमिनीवर पडलेले, समृद्धी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. त्यांच्या डाव्या हातात स्टीलचा पेला होता, आणि तो फरशीवर आपटून आपटून चेपला होता.

"खाटंवरनं पडले," समृद्धी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मला एकटीला उचलंनात. किती फोन लावले तुमाला!"

"रेंज नव्हती... झोपले नव्हते का?"

"कवा झोपत्यात? तुमी भाईर पडला की डोळं उघडत्यात. बत्ती बगत असत्यात डोंगरावरची. खिंडीत इझली की पेरं मोजायला लागत्यात." तिनं डावा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवून दाखवला. "परत लागली की मग झोप. आज मोजून मोजून थकले, आन् उठायला बगितलं."

"तू बोलली न्हाईस कधी."

"बोलले आसते तर तुमी गेला आसता?"

अमृतनं वडिलांना उचललं. गेणभाऊंनी त्याच्या मानेत डावा हात टाकला आणि तो सोडला नाही. "न्हाय," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "न्हाय." जाऊ नको म्हणत होते की गेलेला नाहीस म्हणत होते, ते अमृतला कळलं नाही.

पंधरा दिवस सायकल हलली नाही. रोज आठ वाजता गेणभाऊ डोंगराकडे बघत, मग अमृतकडे बघत. सोळाव्या दिवशी अमृत पुन्हा जानकूभाऊंच्या दुकानात उभा होता.

"आता काय, शटर?" जानकूभाऊ म्हणाले. "सरूबाईला तरी येऊ दे."

"मागं लावायचा लाल दिवा द्या. लांबनं दिसंल आसा."

"मागल्या वेळंला लांबचं नको म्हणत व्हतास."

"तवा मला बगायचं व्हतं, भाऊ. आता घरच्यांना मी दिसलो पायजे."

त्या संध्याकाळी त्यानं गेणभाऊंना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या खाटेवर, त्यांच्याच उशीवर डोकं टेकून आडवा झाला. समृद्धी सायकल हातानं ढकलत सोंडेवर गेली. खाटेवरून डोंगर हातभरच दिसत होता, पडवीचा खांब आणि गोठ्याचं छप्पर यांच्यामधून. एवढ्याशा फटीतून ते रोज त्याला शोधत होते. लाल दिवा एकसारखा जळत ठेवला तर तो मोबाईलच्या टॉवरवरच्या दिव्यासारखाच दिसे. अमृतनं फोन करून समृद्धीला बटण दोनदा दाबायला सांगितलं. दिवा सावकाश उघडमीट करू लागला.

"नाना, हा कळतो?"

"हां," गेणभाऊ म्हणाले.

खाट त्यानं दीड हात सरकवली. खांब बाजूला गेला.

आता अमृत रोज साडेआठला निघतो आणि साडेनऊला परत येतो. खिंडीत तो फक्त पुढचे दोन दिवे बंद करतो. सायकल अशी लावतो की तिचं मागचं चाक घराकडे राहील. त्या रात्रीनंतर तो खिंडीच्या पलीकडे उतरलेला नाही.