बुचाला गुंडाळलेला दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, गॅरेजवर तर नाहीच. तुम्हाला सांगतोय आणि सांगतानाही डोकं तापतंय. कुणावर? मालकावर? साहेबावर? — ऐका आधी.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका गॅरेजात आम्ही दोन मिस्त्री होतो, मी आणि सुदाम. साठ सालच्या आसपासची गोष्ट. सुदाम लष्कराच्या वर्कशॉपात शिकून आलेला, हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस. घरच्यांसकट बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्याला चार-पाच वर्षं झाली होती, पण मालकाच्या लेखी काही बदललं नव्हतं. सुदामचा चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. मला ते खटकायचं का? — नाही. खरं सांगतो, नाही खटकायचं.

फटफटीच्या इंजिनाच्या पोटाखाली तेल सोडायचं एक बूच असतं. ते बसवायची प्रत्येकाची आपली रीत. सुदाम तांब्याची नवी चकती घालायचा आणि हाताच्या अंदाजाने बेताचं आवळायचा. मी सुती दोरा गुंडाळायचो, वर सफेदा, म्हणजे गळती रोखायचा पांढरा लेप, चोपडायचो आणि दात-ओठ खाऊन पिळायचो. सगळ्या गॅरेजला माहीत होतं, दोरा दिसला की ते माझं काम.

ती फटफटी सेमाडोहच्या जंगलातल्या रेंजर साहेबांची. तेल बदललं, बूच लावलं, तरी थेंब येतच राहिला. मला आली चीड. पान्यावर लोखंडी पाइप घातला आणि अंगाचा सगळा भार दिला. आटे गेले की हाताला कळतं हो — बूच नुसतंच फिरत राहतं. मला कळलं. मग सांगितलं का कुणाला? छे! आणखी दोरा, आणखी सफेदा, आणि गाडी चकचकीत पुसून दिली.

आठवड्याने साहेब ती गाडी लाकडं वाहणाऱ्या ट्रकात घालून घेऊन आले. घाटात तेल गळून इंजिन बंद पडलं होतं, जंगलातून दोन कोस पायी यावं लागलं होतं त्यांना. चिडतील नाही तर काय!

बूच जागच्या जागी फिरत होतं, बाहेर येत नव्हतं. सुदाम गाडीखाली आडवा झाला. एका हाताने पेचकसाचं पातं बुचाखाली रेटत, दुसऱ्या हाताने पाना फिरवत त्याने ते हळूहळू काढलं. आट्यांचा चुरा त्याला चिकटलेला — आणि माझा दोरा.

"कोनं केलं हे?" मालकाने विचारलं.

"सुदामनं," मी म्हणालो.

दोरा मालकाच्या नाकासमोर लोंबत होता! त्याला दिसला नाही? दिसला. तो कुणाचा हे कळलं नाही? चांगलं कळलं. पण तो साहेबांकडे वळून म्हणाला, "यायच्या हाती पाना देल्ला का असंच होते." आणि सुदामला, "एवढं काम पुरं कर अन् उद्यापासून येऊ नोको."

साहेबांनी मान हलवली. एकानेही काही विचारलं नाही. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो माझा. पण त्यांनी माझं खोटं चालवून घेतलं म्हणून मी त्यांच्यावर चिडायचं? कोणत्या तोंडाने? असंच होणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी ते नाव घेतलं.

सुदामने बुचावरचा दोरा सोडवून खिशात ठेवला. मग त्याने काम पुरं केलं. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला मोठे आटे पाडले, लेथवर जाड बूच करून आणलं, चकती घालून हलकेच आवळलं. तेल भरलं. आणि मला हाक मारली.

"पाय, गयते का?"

गळतं का ते मी बुचाखाली हात लावून पाहिलं. कोरडं होतं. त्याने हात पुसले आणि तो दोरा माझ्या तळहातावर ठेवून निघून गेला. अकोल्याकडे गेला असं ऐकलं. मी चौकशी केली नाही.

ती गाडी पुढे सहा-सात वर्षं माझ्याकडेच येत राहिली. दर खेपेला बूच हलक्या हाताने सुटायचं, तसंच बसायचं, थेंब गळायचा नाही. साहेब माझ्या पाठीवर थाप मारायचे. म्हणायचे, "काय काम केलंस, मिस्त्री!"

मी म्हणायचो, "हो, साहेब."