अकराव्या दाराची काच

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रार्थनाघराच्या पहिल्या मजल्यावर वहिनी गुडघ्यांखाली जुनं पोतं दुमडून बसली होती आणि दहाव्या दाराच्या काचेभोवती शेवटची लाकडी पट्टी ठोकत होती. एका पट्टीला सहा खिळे. हातोडी हलकी, मनगटातून. काचेशेजारी जोर दाखवणाऱ्या माणसाला ती कामावर ठेवत नसे. अपवाद फक्त दिराचा, कारण तो घरचा.

वय बेचाळीस. सुतारकाम सासऱ्यांचं, पण त्यांच्या थोरल्या मुलाला भुशाने शिंका येतात, म्हणून तो बस चालवतो आणि करवत सुनेच्या हाती आली. धाकटा तिच्यासोबत काम करतो आणि दिवसभर "वहिनी, वहिनी" करतो. त्यामुळे गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणतात, लाकडाच्या वखारीचा सत्तरीचा मालकसुद्धा.

काम साधं होतं, त्यामागचं कारण साधं नव्हतं. गेल्या वर्षी इथल्या एका शिक्षकाबद्दल एका मुलीने घरी सांगितलं. आईने ऐकून घेतलं, खरं मानलं आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेली. पाठोपाठ आणखी तीन घरांनी तक्रार केली. तो शिक्षक आता तुरुंगात आहे, खटला चालू आहे. मुलांचे वर्ग बंद झाले. पालकांनी समिती नेमली आणि तिच्यावर एका निवृत्त नर्सला बसवलं. नर्सबाईंनी अडीच पानी नियम लिहिले. मोठं माणूस आणि एकटं मूल नजरेआड बसणार नाही. मुलांच्या खोल्यांना आतून कडी नाही. तक्रारीचा फोन नंबर मुलांच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या खाली लावायचा. आणि प्रत्येक दाराला काच. दारं अकरा.

पहिल्या चार दारांत वहिनीने चूक केली होती. उभं राहून स्वतःच्या डोळ्यांची उंची मोजली आणि तिथे फूटभर चौकोनी काच बसवली. काम देखणं झालं. मग तिची नऊ वर्षांची चिमी डबा घेऊन आली, आत जाऊन नेहमीच्या जागी सतरंजीवर बसली आणि ओरडून म्हणाली, "आई, मी दिसतेय का?"

दिसत नव्हती. दिसत होती ती समोरची भिंत आणि तिच्यावरचं घड्याळ. इथे मुलं आणि शिक्षक, सगळे जमिनीवर बसून पाठ म्हणतात, हे वहिनीला लहानपणापासून ठाऊक होतं. तीही इथेच शिकली होती.

"वेळ मात्र अचूक कळेल," दीर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा भावोजी, आणि ती काच काढा."

चारही काचा निघाल्या. भट्टीत कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून त्या पुस्तकांच्या कपाटाला बसवल्या. नव्या काचा गुडघ्यापासून खांद्यापर्यंत उभ्या आल्या. काम आठवडाभर लांबलं. दिराने हा किस्सा गावभर सांगितला, प्रत्येक वेळी स्वतःला थोडं जास्त शहाणं दाखवून.

आता उरलं होतं अकरावं दार, थोरल्या गुरुजींचं. वय अठ्ठ्याहत्तर. अर्ध्या वस्तीला त्यांनी पाठ शिकवले होते. एकेका मुलाला खोलीत बोलावून पाठ म्हणून घ्यायची त्यांची पद्धत, आणि बाहेर दालनात गाणं चाललेलं असे म्हणून दार बंद. उद्या वर्ग पुन्हा सुरू होणार होते आणि यादीत पहिलं नाव चिमीचं होतं.

"हे सोडून देऊ या," दीर हळू आवाजात म्हणाला. "देवमाणूस आहे. मला तीन वर्षं एकच पाठ येत नव्हता, पण कधी कान धरला नाही."

"कान धरला असता तर आला असता."

"मस्करी नाही वहिनी. त्यांना काय वाटेल?"

वहिनीलाही तेच वाटत होतं. गुरुजींसमोर तिची मान आजही आपोआप खाली जात असे. पण चिमी उद्या त्या दाराआड बसणार होती. आणि एक दार सोडलं की प्रत्येक शिक्षक आपल्या दारासाठी एक देवमाणूस काढणार, हे नर्सबाईंनी तिला आधीच ऐकवलं होतं.

सात वाजता गुरुजी आले. दाराशी मोजपट्टी पाहून थांबले.

"माझ्याही दाराला?"

"हो गुरुजी."

"पन्नास वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही."

"नाहीच दाखवलं. मी फक्त दार मोजतेय."

"वर एक लहानशी बसव मग. बिस्किटाएवढी."

"वर बसवली की घड्याळ दिसतं," दीर म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं तसा तो खिळे निवडू लागला.

वहिनीने मान वर केली. "गुरुजी, उद्या पहिली माझीच मुलगी आहे. तुमच्याकडेच शिकायला पाठवतेय, दुसरीकडे नाही. पण काच गुडघ्यापासूनच बसेल. नाहीतर दार उघडं ठेवून शिकवा."

गुरुजी आत गेले, आपल्या जागी बसले आणि शेजारच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या भिंतीपलीकडे तुरुंगात गेलेल्या शिक्षकाची खोली होती.

"मी रोज इथेच बसायचो," ते म्हणाले. "सात वर्षं. मला काही कळलं नाही. त्याचंही दार बंद, माझंही."

वहिनीने कानामागची पेन्सिल काढली. गुरुजी उठून बाहेर आले आणि मोजपट्टीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं.

"अजून खाली," ते म्हणाले. "चिमी बुटकी आहे. तुझ्यासारखी."

साडेनऊपर्यंत दाराची फळी कापून झाली, अकराला काच बसली. गुरुजी आत बसले. दीर बाहेर उकिडवा बसला आणि काचेला नाक चपटं करून त्यांच्याकडे पाहू लागला.

"पोरं दिवसभर हेच करणार," गुरुजी आतून म्हणाले. "मी शिकवायचं कसं?"

"तुम्हीही करा," वहिनी म्हणाली.

जरा वेळाने दीर एकटाच हसत सुटला. गुरुजींनी आतून नेमकं काय केलं, ते त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

निघताना वहिनीने आतली कडी काढली, चार स्क्रू मोजून डब्यात टाकले आणि लाकडाला पडलेली भोकं लांबीने, म्हणजे सुताराच्या पुट्टीने, बुजवली. लांबी वाळायला रात्र जाते. उद्या सकाळी साडेसातला अकराव्या खोलीत चिमीचा पाठ आहे. त्याआधी, सातला, वहिनी तिथे ती लांबी घासायला पॉलिश पेपर घेऊन येईल.