मामांचा निकाल

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा याचा आमच्या हिच्या मामांइतका जीव तोडून विचार खुद्द अमेरिकेतही कोणी केला नसेल. मामांना तिथे मत नव्हतं. उभी हयात त्यांनी इथे कॅनडात, रेजिना शहरात, सरकारी नोकरीत पूल बांधण्यात घालवली, पासपोर्टही इथलाच. पण इथल्या निवडणुकांत त्यांचं मन रमत नसे. "आपले लोक भांडताना मधेमधे सॉरी म्हणतात हो जावईबापू, त्यात माणसाचा स्वभाव कुठून दिसणार?" असं म्हणून ते कॅनडाला निकालात काढत आणि सीमेपलीकडच्या डिबेटची वाट बघत बसत.

डिबेट म्हणजे त्यांच्या घरी सणच. संध्याकाळी आम्ही दोघांनी जायचं, मामांनी पोहे करायचे आणि डिबेट सुरू झाली की कोणी चमचासुद्धा वाजवायचा नाही. अर्थात वाजला असता तरी बिघडलं नसतं, कारण निम्मा वेळ मामा आवाजच बंद ठेवत. एक उमेदवार बोलायला लागला की ते रिमोट दाबत आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत. "धोरणं काय, चार हुशार माणसं लिहून देतात. समोरचा बोलत असताना आपलं तोंड कसं ठेवायचं, हे कोणी लिहून देत नाही." त्यामुळे व्हायचं असं, की आरोग्य, सीमा, युद्ध, सगळे विषय मूकपणे निघून जायचे आणि कोण काय म्हणालं ते माझी बायको मागाहून फोनवर वाचून दाखवायची. मग धोरणांची पाळी. तिथे मामांच्यातला इंजिनिअर जागा व्हायचा. "पूल बांधतो म्हणतोय, पण नदी कुठाय?" असं विचारून ते एकेकाला झोडपत. कधीकाळी आवडलेला एक उमेदवार, दुसरा बोलत असताना स्वतःचे कफ न्याहाळत होता एवढ्यावरून त्यांनी कायमचा टाकला होता.

हीच कसोटी ते सगळ्यांना लावत. फर्नेस दुरुस्त करायला आलेला माणूस "आय डोन्ट फॉलो पॉलिटिक्स, सर" म्हणाला, तर त्याला बेसमेंटमधून वर आणून, चहा देऊन, त्यांनी फॉलो करायला लावलं. घर तोवर गारठत होतं. मलाही त्यांनी असंच पास केलेलं. आमचं लग्न ठरत असताना ते पुण्याला आले आणि जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसून काँक्रीट थंडीत कसं तडकतं यावर बोलत राहिले. माझा डोळा लागत होता. मामांनी घरच्यांना सांगितलं, "मुलगा फार शांतपणे ऐकून घेतो. करून टाका."

मामी गेल्यावर ते घर फारच मोठं वाटायला लागलं. एकुलता एक मुलगा ओहायोत डॉक्टर. ही त्याला दादा म्हणते, म्हणून मीही. बापलेकांचा एरवीचा फोन म्हणजे हवापाणी, औषधं, विंटर टायर्स लावले का, एवढाच. पण डिबेट संपली की दादाचा फोन यायचाच, आणि मग दोघं असे भांडायचे की आम्ही कोट चढवून निघालो तरी त्यांना पत्ता नसायचा. दादाला तिथे मत होतं. मामांना वाटे, त्या मतात आपलाही थोडा वाटा आहे.

गेल्या वेळच्या डिबेटनंतर मामांनी फोन स्पीकरवर ठेवला. दादाने सांगून टाकलं, की मामांनी ज्याला पहिल्याच मिनिटाला नापास केलं, त्यालाच तो मत देणार आहे.

"त्याला? अरे, त्याने समोरच्याचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही!"

"बाबा, आय अ‍ॅम नॉट मॅरिइंग हिम. माझं क्लिनिक आहे, टॅक्सचं असं आहे की…"

"टॅक्स गेला खड्ड्यात. माणूस बघ आधी."

"बघा, तुम्ही तरी माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलंत?"

मामा क्षणभर थांबले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. "ज्याला असला माणूस चालतो," ते म्हणाले, "त्याचाही स्वभाव आज मला कळला."

पलीकडून आवाज आला, "ओके बाबा. टेक केअर." मामांनी फोन उलटा ठेवला आणि पोह्यांत मीठ जास्त झालं का, असं आम्हाला विचारलं.

त्यानंतर फोन बंद. ही म्हणायची, "मामा, तुम्ही करा ना." "तो करेल," मामा म्हणायचे. दादा हिला मेसेज करायचा, हाऊ इज बाबा? निवडणूक झाली, निकाल लागला. मामांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि आम्हाला ते शिव्याशापांपेक्षा जड गेलं.

हिवाळ्यात, नको नको सांगितलेलं असताना, ते ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला गेले आणि घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी दादाला कळवलं. दुसऱ्या दिवशी तो हजर, ओहायोच्या बेताच्या थंडीतले बूट घालून. ते इथे पुरेनात, म्हणून माझे बूट घालून तो रोज हॉस्पिटलला जायचा. त्याने वडिलांची दाढी केली, नखं कापली. औषधांच्या गुंगीत मामा एका जुन्या पुलाची हकिकत सांगायचे, पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. एकदा मी तिथेच होतो. दादा खुर्ची पुढे ओढून ऐकत होता.

"कंटाळला असशील," मामा म्हणाले.

"नाही बाबा. बोला."

राजकारणाचा शब्द कोणी काढला नाही. दादा परत निघाला त्या दिवशी मात्र, तो बॅग उचलून दारापर्यंत गेल्यावर, मामांनी हाक मारली. "ते टॅक्सचं काय म्हणत होतास रे? त्या दिवशी राहिलं तुझं."

दादा परत आला, पांघरूण नीट केलं. "जाऊ द्या बाबा. इट्स नथिंग."

मामांनी मान हलवली.

घर विकलं. मामा आता सिनियर्स होममध्ये असतात. यंदा इथल्या पुढाऱ्यांची डिबेट होती. मी ऑफिसमधून परस्पर त्यांच्याकडे गेलो, शेजारी बसलो. ते शेवटपर्यंत जागे होते, पण रिमोटला हात लावला नाही.

"कसे वाटले?" मी विचारलं.

"बरे आहेत. दमलेत बिचारे."

मी मुद्दाम एकाची वारेमाप स्तुती केली. धडधडीत खोटं बोललो. कधीकाळी त्यांनी माझी सालटी काढली असती. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "निघा आता, ती वाट बघत असेल."

बाहेर अजून संध्याकाळचं ऊन होतं. गाडीत बसतोय तोच दादाचा फोन आला. "काय म्हणाले बाबा?"

"बरे आहेत म्हणाले."

"कोण?"

"सगळेच."

"सगळेच?" दादा म्हणाला. मग त्याने इथलं हवापाणी विचारलं, मी तिथलं विचारलं, आणि फोन ठेवायला कोणी तयार नव्हतं.