ताण म्हणजे प्लस

ठोकळा सगळीकडून दाबला की लहान होतो, एवढं कुणालाही कळतं. आमच्या गणितात मात्र तो मोठा होत होता.

लेक इथं जालन्यातच इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाकी सगळे विषय सुटले, हा स्ट्रेसच्या गणितांचा एकच दोनदा अडकला. आता अडकला असता तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. केदारखेड्याहून आबा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी फोन करून अभ्यासाची चौकशी करत. बायको सकाळ-दुपार विचारी. आणि मी स्वतः जुना डिप्लोमावाला, त्यामुळं तिच्या शेजारी खुर्ची टाकून ठाण मांडून बसलेला.

गणित असं: लोखंडी ठोकळ्यावर तिन्ही दिशांनी जोर लावलाय, तर त्याचं घनफळ किती बदलेल? गोम अशी, की एका दिशेनं दाबलं की ठोकळा उरलेल्या दोन दिशांना फुगतो. म्हणजे प्रत्येक जोर बाकीच्या दोघांच्या कामात लुडबुड करणार. मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणून तळहातांत दाबून दाखवला. तो वरून फुगला, बायको चिडली, पण लेकीला पटलं. मग वरूनही दाबला, तर कणीक बोटांच्या फटींतून बाहेर यायला लागली आणि माझंच डोकं गरगरलं.

चिन्हांचा नियमही मीच सांगितला. मी मराठी शाळेतला माणूस. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द चिकटवल्याशिवाय माझं गाडं पुढं सरकत नाही.

“स्ट्रेस म्हंजे ताण. ताण म्हंजे ओढणं. ओढलं की लांबतं. मंग तिन्ही प्लस!”

उत्तर आलं. आकडा अगदी पुस्तकातलाच, पण पुस्तकात घनफळ घटलं होतं आणि आमच्याकडं वाढलं होतं. आकृती बघावी, तर पुस्तकाची झेरॉक्स एवढी काळी की बाणांची टोकं आत आहेत की बाहेर, तेच दिसेना. पुन्हा सोडवलं. पुन्हा वाढलं. पुस्तकच चुकलंय असं मी ठणकावून सांगितलं, पण आतून पुरता गोंधळलो होतो.

लेकीनं पेन खाली ठेवलं. “पप्पा, मला आता लई ताण आलाय.”

“तुला कोण ओढून राह्यलं?” मी वैतागून विचारलं.

“ओढत कोणीच न्हाई. आबा तिकडून दाबून राह्यले, मम्मी इकडून, अन् वरून तुम्ही.”

बोलता बोलता ती थांबली. वहीकडं बघितलं आणि तिन्ही प्लसचे मायनस करून टाकले.

“ताण म्हंजे दाबणंबी असतंय की, पप्पा.”

उत्तर जुळलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाईटच वाटलं. ती ठोकळ्याबद्दल बोलली की आमच्याबद्दल, ते कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

तेवढ्यात आबांचा फोन आला. “कुठवर आला अभ्यास?”

“आबा, पेपर होईस्तोवर फोन नका करू,” मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवून दिला. बायकोलाही मी हातानंच ‘नको’ म्हणून खुणावलं.

राहिला वरचा दाब. मी खुर्ची उचलली आणि गॅलरीत जाऊन बसलो. जरा वेळ बरा गेला. मग दारातून मान आत घालून विचारलंच, “दुसरं गणित सुटलं का?”